खाऱ्या पाण्याचे मोजे

घरात समुद्र पाळणारा माणूस सुरुवातीला माशांबद्दल बोलतो. मग प्रवाळांबद्दल बोलू लागतो. आणि एकदा का तो या छंदात मुरला, की उरलेलं आयुष्य फक्त घाणीबद्दल बोलतो. किती झाली, कुठे साचली, कशी काढायची आणि मुळात काढायची की नाही. या शेवटच्या मुद्द्यावरून त्या मंडळींत असे तट पडलेत, की साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून होणारे वाद त्यापुढे अगदीच घरगुती वाटावेत.

माझा या प्रकरणाशी संबंध आला तो जावयामुळे. लेक-जावई न्यू जर्सीत, एडिसनला राहतात. तिथली मराठी मुलं चाळिशी जवळ आली की एकतर मॅरेथॉन पळायला लागतात, नाहीतर ढोल-ताशा पथकात शिरतात. आमच्या जावईबापूंनी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. दिवाणखान्यात, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. अमेरिकन हिशेबाने 120 गॅलन, आपल्या हिशेबाने साडेचारशे लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन साडेचार क्विंटलच्या वर जातं. शिवाय हे पाणी ते घरीच बनवतात. आधी नळाच्या पाण्यातले सगळे क्षार काढून टाकायचे, मीटरवर शून्य दिसेपर्यंत. आणि मग पिशवीतले क्षार विकत आणून, मोजून, त्याच पाण्यात परत घालायचे, लिटरला साधारण 35 ग्रॅम. ज्याने उभी नोकरी पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढली, त्या माणसाला हे बघून काय वाटत असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, नाहीतर ठाण्यातला एखादा उत्साही वाचक उद्या सकाळी कामाला लागायचा. आपल्याकडे खडक उभारणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. मालवणच्या समुद्रात ते आहेत; तिथे जावं, पाण्यात डोकं घालून बघावेत आणि हात हलवत परत यावं. अमेरिकेत मात्र टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे राजरोस विकले जातात. नखाएवढा तुकडा, भारदस्त नाव आणि बायकोला सांगता न येणारी किंमत.

तर ही टाकी. वर दिवाणखान्यात जे दिसतं तो समुद्र. कारभार सगळा तळघरात. जमिनीला भोकं पाडून पाइप खाली नेलेत, आणि खाली काचेचीच आणखी एक टाकी आहे, आत पट्ट्या बसवून तिचे खण पाडलेत. हा सम्प. वरच्या टाकीच्या एका कडेला दातेरी खिडकी असते. तिच्यावरून पाणी ओसंडतं, पाइपातून गडगडत खाली उतरतं आणि पहिल्या खणात पडतं. पुढच्या खणात स्किमर नावाचं, फेसाबरोबर घाण उचलणारं एक यंत्र, त्यापुढे दिव्याखाली मुद्दाम वाढवलेलं शेवाळ, आणि शेवटच्या खणातला पंप तेच पाणी पुन्हा वर ढकलतो. तासाभरात सगळं पाणी तीन-चार फेऱ्या तरी मारतं. जे जे कुरूप, जे जे आवाज करणारं, जे जे वास मारणारं ते खाली, आणि पाहुण्यांना दाखवायचं ते वर. ही रचना मला नवी नव्हती. शहरं अशीच बांधलेली असतात; मी खालच्या मजल्यावर नोकरीला होतो, एवढंच.

प्रश्न होता पहिल्या खणाचा. वरून येणाऱ्या पाण्यात माशांनी न खाल्लेलं अन्न, खाल्लेल्या अन्नाचं पुढे जे होतं ते, शेवाळाचे तुकडे, वाळूची भुकटी असा सगळा ऐवज असतो. तो अडवायला काय लावावं? या एका प्रश्नावर जावईबापूंनी जितका विचार केला तितका घर घेतानाही केला नव्हता. लग्न करताना तर नाहीच, असं लेकीचं म्हणणं.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?" एके दिवशी त्यांनी मलाच विचारलं.

जावयाने सासऱ्याचं मत विचारण्याचे प्रसंग आमच्या घराण्यात फारसे नोंदले गेलेले नाहीत. मी चष्मा पुसून सावरून बसलो. म्हटलं, आमच्याकडे नदीचं पाणी आलं की आधी त्यात तुरटी पडायची. गढूळपणा गोळा होऊन खाली बसायचा. वरचं पाणी मग दोन-अडीच फूट वाळूच्या थरातून उतरायचं. वाळू भरत आली की पाणी वर तुंबायला लागतं, त्याला आम्ही हेड लॉस वाढला म्हणायचो. तो वाढला की पाणी बंद करायचं आणि खालून हवा आणि पाणी उलटं सोडून वाळू धुऊन काढायची. बॅकवॉश. श्रावणात नदी लाल झाली की बॅकवॉशवाल्याला डबा खायला फुरसत नसायची.

"म्हणजे तुमचा मायक्रॉन किती यायचा?"

"मायक्रॉन राहू द्या. फिल्टर घाण काढत नाही, जावईबापू. तो ती एका जागी गोळा करतो. काढतो तो बॅकवॉशवाला. तेव्हा कोणता फिल्टर हे नंतर ठरवा. आधी सांगा, धुणार कोण?"

जावईबापू थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मला मायक्रॉन समजावून सांगायला सुरुवात केली.

पहिला उमेदवार होता मोजा. या मंडळींत त्याला सॉक म्हणतात आणि तो दिसतोही तसाच: जाड फेल्टचा, सात इंच तोंडाचा, तळ शिवलेला, वरच्या कडेला प्लास्टिकची रिंग. तो खणातल्या भोकात लटकवायचा. पाणी त्याच्या तोंडात पडतं, अंगातून झिरपून बाहेर येतं, गाळ आत राहतो. नेहमीचा मोजा दोनशे मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. अधिक कडक शिस्त हवी असेल तर शंभरचा. नायलॉनच्या जाळीचाही असतो; तो नळाखाली धरला की साफ होतो, पण बारीक गाळाकडे काणाडोळा करतो. फेल्टचा तसं काही करत नाही. नवा मोजा चढवल्यावर दुसऱ्या दिवशी टाकी अशी दिसते की मासे हवेत तरंगतायत की काय असं वाटावं. त्या दिवशी जावईबापू कामावर उशिरा गेले. खुर्ची घेऊन टाकीसमोर बसले होते.

नळाला फडकं बांधणारी पिढी आपली. पावसाळ्यात त्या फडक्यात अळ्यांपासून गंजाच्या पापुद्र्यापर्यंत काय काय निघायचं आणि ते बघून घरातल्या बाईला एक प्रकारचं समाधान वाटायचं. ते फडकं रोज बदललं नाही तर पाणी त्याच्याशिवाय बरं, हेही त्याच बाईला ठाऊक असायचं. अमेरिकेत हेच ज्ञान डॉलर मोजून मिळतं.

कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजा भरतो. मग पाणी त्याच्या अंगातून जायचं सोडून डोक्यावरून जातं. पूर वगैरे येत नाही. खणाची रचनाच अशी असते की तुंबलेलं पाणी बगल देऊन निमूट पुढे सरकतं. फक्त आवाज बदलतो. झुळझुळ बंद होते, धबधब सुरू होते, आणि पाण्यात बुडबुडे मिसळून वर समुद्रात सोडा वॉटर उतरतं. मोज्यात जे अडकलंय ते दरम्यान स्वस्थ बसलेलं नसतं. ते तिथेच कुजतं. त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट करतात, आणि हे सगळं पाण्यात विरघळून त्याच मोज्याच्या भोकांतून आरामात बाहेर पडतं. विरघळलेल्या वस्तूला दोनशे मायक्रॉन काय आणि शंभर काय. आठवडाभर न बदललेला मोजा म्हणजे वरच्या पाण्यात सतत उकळत ठेवलेला घाणीचा काढा. हे जावईबापूंना माहीत होतं. मला ते त्यांनीच सांगितलं, तक्त्यासकट. तरीही मोजा आठवडाभर बदललेला नसायचा.

मग ते धुणं. या मोज्यांच्या धुण्याचं एक शास्त्र आहे आणि सोवळ्याचे नियम त्यापुढे ढिले म्हणावेत असं आहे. आधी रबरी नळीने गाळ झोडपून काढायचा. मग रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. मग गरम पाण्यात मशीनला लावायचे, पण साबणाचा थेंबही नको, कारण फेल्टमध्ये राहिलेला साबण टाकीत गेला तर स्किमर फेसाने उतू जातो. मग पुन्हा खळबळायचे. मग क्लोरीन मारणाऱ्या औषधातून काढायचे. मग खडखडीत वाळवायचे. इतकं झाल्यावर तो मोजा परत माशांच्या घाणीत घालायचा.

आमची ही एकदा काहीतरी आणायला तळघरात गेली आणि वर येऊन हळूच म्हणाली, "अहो, खाली दोरीवर कुणाचे मोजे वाळत घातलेत? एवढ्या पायाचा माणूस या घरात आहे कुठे?" मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि जावईबापूंच्या आईने त्यांना लहानपणी एकदा तरी स्वतःचे मोजे धुवायला लावले होते का?" हा प्रश्न मी जावईबापूंपर्यंत पोहोचवला नाही.

मशीनच्या तळाशी राहिलेल्या ब्लीचने लेकीच्या जांभळ्या कुर्त्यावर मेघालयाचा नकाशा काढला, तेव्हा या पर्वाचा शेवट झाला. मशीन आणि मोजे यांची कायमची ताटातूट झाली. जावईबापूंनी त्यावर असा तोडगा काढला, की मोजे धुवायचेच नाहीत. ढीगभर विकत आणायचे, मळलेले गॅरेजमधल्या बादलीत टाकायचे आणि पुढेमागे एकदम धुवायचे. त्या बादलीचं झाकण उघडण्याचं धाडस करणारा पुरुष अजून न्यू जर्सीत जन्माला यायचाय.

दुसरा उमेदवार कापूस. खरा कापूस नव्हे, पॉलिस्टरचा, गादीत भरतात तसा. एका जाळीदार पेल्यात त्याची चकती ठेवायची, दोन-तीन दिवसांनी उचलून फेकून द्यायची. धुणं नाही, ब्लीच नाही, कुर्ते शाबूत. मत्स्यदुकानातला कापूस महाग आणि गोधड्या शिवायच्या सामानाच्या दुकानातला तोच कापूस स्वस्त, हे गुपित या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त त्यावर आग प्रतिबंधक रसायन मारलेलं नसावं. जावईबापू मला घेऊन अशा एका दुकानात गेले. भोवती लोकरीचे गुंडे, बटणं, आणि नातवंडांसाठी रजया शिवणाऱ्या प्रेमळ म्हाताऱ्या. त्यातल्या कामावरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, बाळासाठी शिवताय का? जावईबापू म्हणाले, नाही, विष्ठेसाठी. इंग्रजीत ते याहून जरा सभ्य शब्दांत म्हणाले, पण बाईंचा चेहरा मराठीतच पडला.

कापसाची अडचण अशी, की त्याला वेळ ठरलेली असते आणि माणसाला नसते. कापूस स्वस्त असल्यामुळे तो बदलायचं महत्त्वही वाटत नाही. मोजा निदान तुंबला की धबधबून बोंब मारतो. कापूस मुकाट्याने तपकिरी होत जातो.

स्पंजाचा विचार आम्ही चहा संपायच्या आत निकालात काढला. स्पंज धुऊन पुन्हापुन्हा वापरता येतो म्हणून लोक तो धुवायचं पुढे ढकलतात, त्यात जिवाणूंची वसाहत होते, गाळ ठाण मांडून बसतो, आणि मग जाणते लोक त्याला नायट्रेटचा कारखाना म्हणतात. कारखाना काढायचा तर परवाना तरी घ्यावा.

"धुणार कोण" हा प्रश्न काही आजचा नाही. 1846 साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि घरात जगवून दाखवले. समुद्राचं पाणी पुन्हापुन्हा आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून आहे तेच पाणी ताजं ठेवायची युक्ती त्यांनी काढली: रोज अर्धा-पाऊण तास ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ओतलं कुणी? मोलकरणीने. घरातल्या समुद्राचा पहिला पंप वीज खात नव्हता, पगार घेत होता. नाव झालं ते बाईसाहेबांचं. मी ही हकीकत जेवताना सांगितली, तेव्हा लेकीने नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी घाईघाईने आमटी वाढून घेतली.

मधल्या काळात पेन्सिल्व्हेनियातून जावईबापूंचे एक स्नेही मुक्कामाला आले. हे गृहस्थ तिसऱ्या पंथाचे निघाले. त्यांच्या पहिल्या खणात काहीच नाही. रिकामा. पाणी येतं, पाणी जातं.

"गाळायचं कशाला?" ते म्हणाले. "समुद्राला कुणी मोजा घातलाय?"

बिनतोड प्रश्न. यांच्यामागे परंपराही आहे. जाकार्तात ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी नुसते समुद्रातले जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवल्या आणि 1961 साली त्याबद्दल लिहिलं. पुढे बर्लिनच्या मंडळींनी जिवंत खडक आणि स्किमर यांचीच पद्धत बसवली, ती आजही बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते. खडकांच्या भेगांतले जिवाणू घाण पचवतात, गाळावर किडेमकोडे जगतात, किडेमकोड्यांवर मासे जगतात, आणि पाण्यातले तरंगते कण प्रवाळ स्वतः पकडून खातात. मोजा लावणारा माणूस त्यांच्या ताटातलं काढून घेतो, असं या पंथाचं म्हणणं. त्यांचा सम्प कधी रिकामा करतात हे मी विचारलं. ते म्हणाले, तळाशी साचतं ते महिन्याकाठी नळीने ओढून काढतो. म्हणजे धुणं आहेच. फक्त त्याला धुणं म्हणत नाहीत.

या गृहस्थांमुळे जावईबापूंच्या डोक्यात एक भुंगा शिरला, कारण त्यांच्या टाकीत एक मँडरिन आहे. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, डोळे बाहेर आलेले, चाल पेशवाई. हा मासा बाजारचं खाणं सहसा तोंडात घेत नाही. त्याला जिवंत कोपेपॉड लागतात, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे कवचधारी जलचर, आणि तो दिवसभर खडकांवरून ते टिपत फिरतो. म्हणून जावईबापू हे कोपेपॉड बाटलीतून विकत आणतात आणि रात्री दिवे मालवून टाकीत सोडतात. सोडलेल्यांपैकी बरेच पाण्याबरोबर ओसंडतात, पाइपातून खाली येतात आणि थेट मोज्यात. सकाळी मोजा उलटा केला की कालचे डॉलर वळवळताना दिसतात.

कोपेपॉड म्हटल्यावर मला एक निराळीच गोष्ट आठवली. बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे. तिथल्या खेड्यांतल्या बायकांना शास्त्रज्ञांनी सांगितलं, की तळ्याचं पाणी भरताना घागरीच्या तोंडावर जुन्या सुती साडीची किमान चार वेळा घडी घालून धरा. पटकीचा जंतू इतका बारीक की तो साडीतून सहज जाईल. पण तो पाण्यात मोकळा हिंडण्यापेक्षा कोपेपॉडच्या अंगाला चिकटून राहतो, आणि कोपेपॉड साडीत अडकतो. घडी घातलेल्या जुन्या साडीची भोकं वीसेक मायक्रॉनची होतात. नव्या साडीपेक्षा जुनी बरी, कारण वापरून धागे पिंजतात आणि भोकं बुजतात. ज्या गावांनी हे केलं तिथे पटकी 48 टक्क्यांनी कमी झाली. रिटा कोलवेल यांच्या गटाचा हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. आमच्या खात्यात हा निबंध हातोहात फिरला होता आणि तो वाचून एका साहेबांनी, आता बजेटमध्ये साड्या मागू या का, असं विचारलंही होतं.

हे ऐकून जावईबापू उठून बसले. "वीस मायक्रॉन? साडीने?"

"जुन्या."

त्यांची नजर आमच्या हिच्याकडे वळली. ती उठून आत गेली आणि तिने बॅगेला कुलूप लावलं.

शेवटी निकाल लागला तो व्याह्यांमुळे. व्याही चिंचवडला एका कारखान्यात ग्राइंडिंग खात्यात होते. माणूस सरळ, पण फोनवर कॅमेरा नेहमी स्वतःच्या कपाळावर धरतात. एका रविवारी जावईबापू त्यांना पडद्यावर नवा उमेदवार दाखवत होते. चौकोनी डबा, आत कापडासारख्या पातळ थराची गुंडाळी, शेजारी छोटी मोटर. पाणी त्या थरातून गाळलं जातं. थर भरला की डब्यात पाण्याची पातळी चढते, तरंगता फ्लोट वर येतो, मोटर चालू होते, थर थोडासा पुढे सरकतो, मळलेला भाग पाण्याबाहेर जाऊन दुसऱ्या दांड्यावर गुंडाळला जातो आणि त्याच्या जागी कोरा येतो. माणसाची गरज नाही. याला रोलर म्हणतात.

व्याह्यांचं कपाळ आनंदाने हललं. "अरे, हा तर आमचा पेपर फिल्टर! ग्राइंडिंगच्या कूलंटला भोसरीत प्रत्येक शेडमध्ये आहे. कूलंटबरोबर लोखंडाचा कीस येतो, कागदावर पडतो, कागद चोंदतो, फ्लोट उचलतो, मोटर कागद ओढते. यात नवीन काय?"

"बाबा, ही खास समुद्री टाकीसाठी बनवलेली टेक्नॉलॉजी आहे."

"माशांच्या घाणीला कीस म्हणा, संपलं. आणि ऐक, फ्लोट स्वच्छ ठेव. आमच्याकडे फ्लोट अडकला की अख्खी गुंडाळी एका पाळीत भसाभस संपायची आणि सुपरवायझर मला शोधत यायचा."

मला व्याह्यांबद्दल एकदम आदर वाटला. अवघ्या चर्चेत धुणाऱ्या माणसाची आठवण ठेवणारा माझ्याशिवाय तो एकटाच. आणि रोलरची खरी गंमतही त्या कागदातच आहे. मोजा, कापूस, स्पंज, सगळे घाण पकडून पाण्यातच धरून ठेवतात. रोलर ती कुजायच्या आत पाण्याबाहेर काढतो. आमचा बॅकवॉश त्याने एका मोटरीत बसवला. मायक्रॉनच्या बढाया कुणी कितीही मारोत, माझ्या लेखी फरक एवढाच आणि तो मोठा.

रोलर आला. त्याच्यासाठी पहिला खण कापून रुंद करावा लागला, स्किमर हलवावा लागला, स्किमर हलवला म्हणून पाण्याची पातळी बदलली, पातळी बदलली म्हणून स्किमर रुसला. ते सगळं मार्गी लागलं आणि तळघरात शांतता पसरली. मोटर अधूनमधून दोन सेकंद गुरगुरते, कागद बोटभर सरकतो. दोरी रिकामी झाली. बादली कुणीतरी झाकणासकट कचऱ्याच्या गाडीत दिली. आणि आठवड्यातून एकदा तरी गुडघे टेकून सम्पात हात घालणाऱ्या जावईबापूंना करायला काही उरलं नाही.

रिकाम्या माणसाने मोजमापं घ्यायला सुरुवात केली. नायट्रेट: शून्य. फॉस्फेट: शून्य. त्यांनी मला आनंदाने आकडे दाखवले. आमच्या खात्यात असे आकडे आले असते तर आम्ही आधी यंत्र बिघडलं असं लिहिलं असतं. प्रवाळ फिके पडायला लागले, आणि वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा, बुडबुडेवाला थर चढू लागला. डायनोफ्लॅजेलेट. पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट संपलं की बाकीचं शेवाळ उपाशी मरतं आणि हे जमीन बळकावतात, ही या छंदातली सर्वश्रुत आपत्ती. त्यावर उपाय काय? बाटलीतून नायट्रेट घालायचं. दुसऱ्या बाटलीतून फॉस्फेट घालायचं. दोन्ही बाटल्या दुकानात मिळतात, मोज्यांच्याच शेजारच्या फळीवर.

हल्ली जावईबापू रोज सकाळी चहाच्या आधी ड्रॉपरने थेंब मोजून समुद्रात घाण घालतात आणि तळघरातला रोलर ती पोरकट गंभीरपणे गाळत बसतो. खरं म्हणजे विरघळलेलं नायट्रेट रोलरला दिसतही नाही. तो फक्त ज्यातून ते तयार झालं असतं ते आधीच उचलून नेतो. स्किमरच्या पेल्यात पूर्वी काळा अर्क जमायचा, आता फिका चहा जमतो. पेन्सिल्व्हेनियाच्या स्नेह्यांनी फोनवर हे ऐकलं आणि फार काही न बोलता ते नुसते हसले. तेवढ्यावरून दोन कुटुंबांत काही दिवस अबोला होता.

मी तिथून निघताना एक तडजोड ठरवून आलो. रोलर अहोरात्र चालवायचा नाही. त्यातून थोडं पाणी मुद्दाम बगलेने जाऊ द्यायचं, म्हणजे मँडरिनच्या पोटाला आणि प्रवाळाच्या तोंडाला काहीतरी मिळेल. कोपेपॉड सोडायच्या रात्री तो बंदच ठेवायचा. गुंडाळी संपत आली की दुसरी आधीच आणून ठेवायची, कारण ती नेमकी दिवाळीत, ही मंडळी भारतात आल्यावर संपते. आणि फ्लोट दर रविवारी जुन्या ब्रशने घासायचा. हे शेवटचं काम जावईबापूंनी लिहून घेतलं; ते करतात की नाही हे व्याही फोनवर विचारत असतात.

तुमचा कुणी भाऊ, भाचा, जावई परदेशात असा समुद्र घेऊन बसला असेल आणि पहिल्या खणात काय लावू म्हणून विचारत असेल, तर त्याला मायक्रॉन विचारू नका. तो प्रवासाला किती जातो आणि सिंकमधली भांडी किती दिवस तशीच ठेवतो, ते विचारा. भांडी त्याच रात्री घासणारा असेल तर मोजा घेऊ द्या. स्वस्त आहे, साधा आहे, मोडायला त्यात काही नाही. परवा घासणारा असेल तर कापूस. भांडी साचवणारा असेल आणि पैसे बाळगून असेल तर रोलर, पण मोजमाप करून, थोडं पाणी बगलेने सोडून. टाकीत खडक भरपूर आणि मासे मोजके असतील तर काही लावलं नाही तरी चालतं, फक्त तळ उपसायचा कंटाळा करू नये. आणि मोजेच घ्यायचे ठरले तर एकदम डझनभर घ्या, साबण लावू नका, आणि मशीन बायकोचं असेल तर आधी तिला विचारा.